जुन्या गाडीच्या ऑइलमध्ये पाणी गेलंय का? हेड उतरवण्याआधी घरी करायच्या तपासण्या

ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट चिकट थर दिसला की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येतं: "हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.) गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी असेल तर मालक एकतर घाबरून होकार देतो, नाहीतर येईल त्या भावाला गाडी विकून मोकळा होतो. माझ्या जुन्या मारुती झेनच्या बाबतीतही हेच सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात तो थर रोजच्या आखूड फेऱ्यांमुळे साठलेल्या वाफेचा होता आणि हेडला हात लावायची गरजच नव्हती. गॅस्केट खरोखर जातं तेव्हा मात्र वेळ काढणं महागात पडतं. म्हणून कोणता द्रव कुठे शिरलाय, हे आधी ठरवायचं. पुढच्या बहुतेक तपासण्या घरच्या पार्किंगमध्ये होतात. फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या नंतर, असा क्रम लावला आहे. तो मोडू नका.

1. आधी गाडी उभी करा

टेंपरेचरचा काटा वर गेला असेल, ऑइलचा लाल दिवा लागला असेल किंवा काडीवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या डिपस्टिकवरचं) ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर गाडी चालू करू नका. "गॅरेजपर्यंत नेतो, दोनच किलोमीटर आहे" असं मनातही आणू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर टिकत नाही. कूलंटमधलं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातलं) ग्लायकॉल ऑइलमध्ये गेलं तर आम्ल आणि चिकट गाळ तयार होतो, फिल्टर तुंबतो आणि बेअरिंगं खरवडली जातात. गॅस्केटचं काम परवडतं, क्रँकचं काम जुन्या गाडीला परवडत नाही. गाडी टो करून न्या.

यातलं काहीच नसेल, फक्त झाकणावर पांढरं दिसलं असेल, तर शांतपणे पुढे वाचा.

2. जवळ काय काय हवं

- चांगली टॉर्च, पांढरी बशी, दोन पारदर्शक काचेच्या बरण्या
- टीपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद
- रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, जुनी फडकी
- चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) नटाचा नेमका मापाचा पाना आणि नवा वॉशर
- पसरट ट्रे, नरसाळं
- गाडीचं मॅन्युअल किंवा त्याची प्रत
- मागच्या ऑइल बदलाची, कूलंट बदलाची आणि रेडिएटरच्या कामाची बिलं

बिलं लोक फेकून देतात, पण इथे ती फार उपयोगाची. शेवटचं ऑइल कधी आणि कोणत्या ग्रेडचं भरलं, कूलंट हिरवं होतं की लाल, कोणी मधेच साधं पाणी ओतलं का, हे माहीत नसेल तर रंगावरून काहीच ठरवता येत नाही.

3. थंड इंजिनवर पातळ्या बघा

रात्रभर उभी असलेली गाडी, सपाट जागा, सकाळची वेळ. काडी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. मग रेडिएटरचं झाकण आणि बाजूची कूलंटची बाटली बघा. तीन गोष्टी वहीत लिहा: ऑइल कुठपर्यंत आहे, कूलंट कुठपर्यंत आहे, आजचं किलोमीटर रीडिंग किती. काही दिवस रोज लिहा. निम्मं निदान या वहीतच होतं.

ऑइल वाढतंय आणि कूलंट घटतंय, तर कूलंट ऑइलमध्ये जातंय. ऑइल वाढतंय पण कूलंट जागेवर आहे, तर इंधन उतरत असण्याची शक्यता मोठी. कूलंट घटतंय, ऑइल जसंच्या तसं आहे आणि खाली थेंबही दिसत नाही, तर कूलंट सिलिंडरमध्ये जळत असेल किंवा भलतीकडे गळत असेल. भलतीकडे म्हणजे कुठे? डॅशबोर्डखाली हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळला की पुढच्या सीटसमोरची मॅट ओली लागते आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या बारीक छिद्रातून गळणारं कूलंटही गरम इंजिनवर सुकून जातं. तिथे फक्त रंगीत डाग उरतो. हे दोन्ही न बघता हेड उतरवलेल्या गाड्या असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं. झाकण सैल होताच ते उसळतं आणि तोंड-हात भाजतात. फडकं गुंडाळून उघडलं तरी हा धोका टळत नाही.

4. झाकणावरून निकाल देऊ नका, काडी बघा

इंधन जळताना पाण्याची वाफ होते, तिचा थोडा भाग पिस्टनच्या कडेने खाली ऑइलकडे उतरतो. इंजिन पुरेसं तापलं की ती उडून जाते. पण घर ते भाजी मार्केट आणि मार्केट ते घर एवढंच चालणं असेल तर ती उडत नाही. ऑइलचं झाकण हा इंजिनचा सगळ्यात थंड भाग, म्हणून तिथे तिचं पाणी होतं आणि ऑइलशी घुसळून पांढरा थर होतो. पावसाळ्यात आणि थंडीत हे जास्त दिसतं. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत आणखी जास्त, कारण सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण अधिक असल्याने ज्वलनात पाणीही अधिक तयार होतं.

म्हणून झाकण पुसून स्वच्छ करा. मग गाडी हायवेला न्या आणि अर्धा-पाऊण तास सलग एकसारख्या वेगाने चालवा. (काटा चढत असेल किंवा काडीवर दुधी ऑइल असेल तर ही फेरी करायची नाही.) परत आल्यावर झाकण कोरडं राहिलं आणि काडीवरचं ऑइल नितळ तपकिरी असेल, तर ती वाफ होती. टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) श्वासाची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी झडप) तुंबलेत का तेवढं बघून घ्या. ते तुंबले की वाफेला बाहेर जायला वाट उरत नाही.

काडीवरच ऑइल दुधी दिसत असेल तर मामला गंभीर आहे. फक्त काडीच्या वरच्या टोकाला थर असेल तर तोही वाफेचाच असू शकतो. बघायचं ते खालच्या खुणांमधलं ऑइल.

5. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का

काडी नाकाजवळ धरा. वापरलेल्या ऑइलला जळकट वास असतोच, पेट्रोलचा झोंबणारा वास वेगळा कळतो. मग दोन बोटांत ऑइल चोळा. त्याच ग्रेडच्या नव्या ऑइलचा थेंब शेजारी घेतला तर पातळपणा लगेच जाणवतो.

आता टीपकागदावर एक थेंब टाका आणि कागद आडवा ठेवून रात्रभर सोडा. चांगलं ऑइल एकसारखं पसरतं, मधून बाहेर हळूहळू फिकट होत जातं. इंधन मिसळलं असेल तर कडेला फिकट, रुंद वलय उमटतं. ग्लायकॉल किंवा पाणी असेल तर काजळी मधेच गोळा होऊन ठळक कडेचा काळा ठिपका बसतो. ही चाचणी आकडा देत नाही, दिशा देते. नव्या ऑइलचा आणि शक्य असेल तर मित्राच्या निरोगी गाडीच्या ऑइलचा थेंब त्याच कागदावर शेजारी टाका, म्हणजे तुलना होईल.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, म्हणजे जुनी मारुती 800, पद्मिनी, पेट्रोल ॲम्बेसेडर, पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला आणि इंजिनवरच चालणारा असतो. त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पंप बदलणं हे छोटं काम आहे, पण लक्षात आलं नाही तर पातळ ऑइलवर इंजिन झिजत राहतं. कार्ब्युरेटरची फ्लोटची सुई अडकली तरी तोच परिणाम. इंजेक्शनच्या गाडीत गळका इंजेक्टर किंवा मिसफायर होणारा सिलिंडर शोधा. पेट्रोलचा वास येत असेल तर सिगारेट आणि तापलेला तवा ऑइलपासून लांब.

6. कूलंटच्या बाजूने तपास

थंड रेडिएटरचं झाकण उघडून बोट आत फिरवा. या ठिकाणी लोक गंजाला ऑइल समजतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाड्या भरपूर, त्यांचं पाणी विटकरी आणि गढूळ असतं. बोटांत चोळल्यावर गंज कचकच लागतो, पाण्याने हात धुतला की जातो आणि बरणीत ठेवला तर तळाशी बसतो. ऑइल बुळबुळीत लागतं, साबणाशिवाय जात नाही आणि बरणीत वर तरंगतं. बरणी तासभर खिडकीत ठेवून बघा, शंका उरत नाही. रेडिएटर गळतोय म्हणून कोणी हळद टाकली असेल तर पिवळट गाळही दिसेल. तोही ऑइल नव्हे, मात्र त्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटर तुंबतात.

मग झाकण उघडं ठेवून थंड गाडी चालू करा आणि काही मिनिटं बघा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतात. ते थांबायला हवेत. ॲक्सिलरेटर दिला की बुडबुडे वाढत असतील किंवा थंड इंजिनवरच काही मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये शिरतोय. पाणी तापायला लागायच्या आत इंजिन बंद करा.

सीएनजीच्या गाडीत इथे मोठा चकवा आहे. किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) इंजिनच्याच कूलंटने गरम ठेवलेला असतो. आतलं सील किंवा डायफ्रॅम गेलं तर सीएनजी कूलंटमध्ये शिरतो आणि रेडिएटरमध्ये अगदी गॅस्केट गेल्यासारखे बुडबुडे येतात. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस संपू द्या आणि गाडी पेट्रोलवर चालवून परत बघा. बुडबुडे थांबले तर दोष किटमध्ये आहे. ते काम अधिकृत किट फिटरकडेच द्या.

7. चेंबरचा नट सैल करून बघणं

मला ही तपासणी सगळ्यात भरवशाची वाटते, कारण हिच्यात अंदाज लावावा लागत नाही. पाणी आणि कूलंट ऑइलपेक्षा जड, म्हणून गाडी रात्रभर उभी राहिली की मोकळं पाणी चेंबरच्या तळाशी बसतं. सकाळी गाडी सुरू न करता ट्रे ठेवा आणि चेंबरचा नट पूर्ण न काढता हळूहळू सैल करा. पहिले थेंब काचेच्या बरणीत धरा. आधी हिरवं किंवा लाल पाणी आलं आणि मागून काळं ऑइल, तर कूलंट आत गेलंय यात वाद नाही. पहिल्या थेंबापासून स्वच्छ ऑइल आलं तर मोकळं पाणी साठलेलं नाही. ऑइलमध्ये घुसळून विरलेलं पाणी मात्र असं सुटत नाही, ते दुधी रंगावरून ओळखायचं.

गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका, रॅम्प किंवा स्टँड लावा. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे पटकन जातात, त्यामुळे नट हाताने बसवून मगच पाना लावा आणि वॉशर नवा घाला.

ऑइल किंचित धूसर दिसतं पण ठरत नाही, अशा वेळी तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकायची जुनी युक्ती आहे. विजेच्या शेगडीवर जुनं स्टीलचं भांडं पाणी टाकलं की नाचेल इतकं तापवायचं, उघड्यावर, डोळ्यांना चष्मा लावून, आणि एकच थेंब टाकायचा. पाणी असेल तर चरचर आवाज होऊन बुडबुडे फुटतात, कोरडं ऑइल गुपचूप पसरतं. पेट्रोलचा वास येणाऱ्या ऑइलवर हे अजिबात करू नका.

8. गॅस्केटचा संशय पक्का करायच्या चाचण्या

इथून पुढे साधनं लागतात. ती स्वतः घ्या किंवा असलेल्या गॅरेजात जा.

पहिली, निळ्या द्रवाची चाचणी. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरवट. कूलंटची पातळी आधी थोडी खाली करा. कूलंटच नळीत ओढलं गेलं तर द्रव बिघडतो आणि निकाल खोटा येतो. तसंच, गॅस्केट फक्त ऑइल आणि पाण्याच्या वाटांमध्ये फुटलं असेल तर ही चाचणी काहीच दाखवत नाही.

दुसरी, प्रेशर टेस्ट. थंड गाडीत हातपंपाने रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा, तो बहुतेक गाड्यांत 1 बारच्या आसपास असतो. त्याहून जास्त देऊ नका. अर्ध्या तासात काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर गळती आत आहे. दाब असतानाच प्लग काढून स्टार्टर फिरवला आणि एखाद्या भोकातून तुषार उडाला तर सिलिंडरही कळला. इग्निशन आणि इंधन आधी बंद करा आणि तोंड लांब ठेवा. काढलेले प्लग ओळीने मांडून बघा. कूलंट जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा इतरांपेक्षा स्वच्छ दिसतो.

तिसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजणं. एका आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. शेजारचे दोन सिलिंडर बरोबरच कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट फुटलं असण्याची शक्यता दाट.

धुराबद्दल थोडं. सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ येऊन विरली तर ते नेहमीचं आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. निळसर धूर ऑइलचा.

9. दोषी भाग कोणता

कूलंटमध्ये ऑइल आहे, काडीवरचं ऑइल मात्र स्वच्छ आहे, गाडी तापत नाही आणि बुडबुडेही नाहीत, असं चित्र असेल तर पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे कूलंटने ऑइल थंड ठेवणाऱ्या भागावर. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून कूलर आतून फुटला की ऑइल पाण्याकडे ढकललं जातं. स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा यांत आलेल्या फियाटच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनात हा कूलर ऑइल फिल्टरच्या घराला जोडलेला असतो. हेडपेक्षा ते काम कितीतरी सोपं. उलट मारुती 800 किंवा पेट्रोल झेनला असा कूलरच नसतो, तिथे गॅस्केट, हेड आणि ब्लॉक एवढेच संशयित उरतात.

ऑटोमॅटिक गाडीच्या कूलंटमध्ये गुलाबी, फेसाळ गाळ दिसला तर रेडिएटरच्या आतला गिअर ऑइलचा कूलर तपासा. अशा वेळी गिअरबॉक्समध्येही पाणी गेलेलं असू शकतं, म्हणून गाडी अजिबात हलवू नका.

10. पुरात भिजलेली गाडी

26 जुलै 2005 ची मुंबई, ऑगस्ट 2019 चं सांगली-कोल्हापूर, जुलै 2021 चं चिपळूण. या प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या दुरुस्त होऊन बाजारात आल्या. गाडी पाण्यात गेली असेल तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर फिरला तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक या तिन्हींचे द्रव बदलल्याशिवाय गाडी सुरू करू देऊ नका.

जुनी गाडी घेताना गिअर ऑइलचा नटही उघडून बघायला सांगा. विकणारे इंजिन ऑइल बदलून ठेवतात, गिअर ऑइल बहुतेकदा विसरतात. तिथे दुधी ऑइल दिसलं की सीट बेल्ट पूर्ण ओढून मातीची रेघ शोधा.

11. गॅरेजमध्ये गाडी देताना

वही, बरणी आणि टीपकागद बरोबर न्या. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. हेड उतरवायचं ठरलंच तर या गोष्टी आधीच बोलून घ्या:

- हेड उतरल्यावर ते आणि जुनं गॅस्केट मला दाखवायचं. गॅस्केट कुठे जळलंय ते डोळ्यांना दिसतं.
- लेथवाल्याकडे आधी हेडची सपाटी मोजायची आणि दाबाखाली चीर तपासायची, मगच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं). छोट्या गाड्यांत वाकडेपणाची मर्यादा साधारण 0.05 मिलिमीटर असते, आपल्या मॅन्युअलमधला आकडा धरा. सरसकट फेस मारला तर हेड विनाकारण पातळ होतं.
- बोल्ट टॉर्क पान्यानेच आणि मॅन्युअलमधल्या क्रमानेच. एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवे.
- हेड मुळात तापलं कशामुळे? थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटर, वॉटर बॉडी हे तपासलं नाही तर नवं गॅस्केटही जाईल.

गळती बंद करणारी बाटलीतली औषधं रेडिएटरमध्ये ओतायला नाही म्हणा.

12. दुरुस्तीनंतरची धुलाई

ऑइलच्या बाजूला फ्लशिंगसाठी डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन चालवायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तसं करू देऊ नका, बेअरिंगवरचा उरलासुरला थरही जातो. त्याच ग्रेडचं साधं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, इंजिन थोडा वेळ उभ्यानेच चालवा, काढा, परत नवं ऑइल आणि फिल्टर. पाच-सातशे किलोमीटरनंतर आणखी एकदा बदला.

कूलंटमध्ये ऑइल गेलं असेल तर काम चिवट असतं. फेस न होणारा क्लीनर पाण्यात घालून हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी तापवायची, थंड झाल्यावर काढायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत हे करत राहायचं. ऑइलने रबर फुगतं, म्हणून मऊ पडलेले होज, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण बदलून टाका. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचा थर बसतो आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं.

काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं ते पिऊन मरतात. जुनं ऑइल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून, ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. नवं ऑइल आणि कूलंट भरल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी दोन्ही पातळ्या परत त्याच वहीत लिहा.